बंद गावातला रविवार

परवा दुपारी आमच्या ह्यांनी कपाटाच्या माथ्यावरून फरवा काढला, झटकला आणि गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकला. माझ्या दृष्टीनं आमच्या सौदीतल्या अबकैकचा हिवाळा त्या क्षणी सुरू झाला. फरवा म्हणजे इथल्या अरबांचा थंडीतला झगा. वरून जाड कापड, आतून मेंढीची मऊ लव, आणि लांबी अशी की घातलेला माणूस चालतोय की नुसता सरकतोय ते कळू नये. वर्षातले बरेचसे महिने आम्ही एसीच्या घरघरीत जगतो, त्यामुळे एक दिवस उठून एसी बंद करता येणं हाच आमचा सण. तो बंद झाला की घरात इतकी शांतता होते की शेजारच्या रुखसानाभाभींच्या कढईतला झारासुद्धा ऐकू येतो. संध्याकाळी लोक गाड्यांत सरपण आणि किटल्या भरून वाळूत जातात, शेकोट्या पेटवतात. तेलाच्या प्लांटच्या बाजूला आकाश तांबूस असतं ते बारा महिने असतंच, पण थंडीत त्याच्याकडे पाहून उगाच ऊब वाटते.

हे सगळं मी लिहितेय तेव्हा आतल्या खोलीत सई झोपली आहे. सई आमची मुलगी, एकुलती एक. ती इथेच दम्मामच्या इस्पितळात जन्मली, बारावीपर्यंत दम्मामच्याच इंडियन शाळेच्या बसमध्ये पेंगत गेली आणि मग जर्मनीला शिकायला निघून गेली. इथल्या सगळ्या घरांची हीच रीत आहे. बारावी झाली की पोरं उडतात, कारण पुढे त्यांनी इथे राहून करायचं काय, ह्याचं उत्तर कुणाजवळ नसतं. शाळेचा निरोपसमारंभ झाला की आया आपापल्या मोटारीत बसून रडतात. मीही रडले होते, आणि वर ‘डोळ्यांत वाळू गेली’ असं ह्यांना सांगितलं होतं.

सई ह्या वेळी पाहुणीच्या व्हिसावर आली आहे. माहेरी यायला व्हिसा लागतो, असं कुठल्या आईनं ऐकलंय?

मात्र मला सांगायचंय ते गेल्या हिवाळ्याबद्दल. फरव्याला कोंदट लोकरीचा वास येतो ना, त्या वासात मला एक दगडी गाव दिसतं, धुक्यात बुडालेलं, सगळी दारं लावून बसलेलं.

जानेवारीत आम्ही दोघं तिला भेटायला म्युनिकला गेलो होतो. तिची हॉस्टेलची खोली एवढीशी, की एकानं वळायचं तर दुसऱ्यानं पलंगावर पाय घेऊन बसायचं. दोन दिवसांतच ह्यांचा आणि तिच्या हीटरचा वाद सुरू झाला. मग सईनंच टूम काढली. जवळच रेगेन्सबुर्ग नावाचं जुनं गाव आहे, फार जुनं, डॅन्यूबच्या काठचं. ट्रेननं जाऊ, एक रात्र राहू, सकाळी परत. ‘रविवारी जाऊ या,’ ती म्हणाली, आणि आम्ही दोघांनी माना हलवल्या. रविवार चांगलाच की. सगळं सुरू असणार.

ज्यांना ह्यात काही गैर दिसत नसेल ती आमच्याच गावची माणसं समजावीत. आमच्याकडे सुट्टी शुक्रवार-शनिवार. रविवार म्हणजे कामाचा पहिला वार. शाळेची बस, दप्तर, डबा, ह्यांची शिफ्ट, सगळी धावपळ रविवारची. इतकी वर्षं ह्या घडीत काढल्यावर रविवार म्हटलं की डोळ्यांपुढे उघडी दुकानंच येतात.

दुसरी खोड दुपारच्या झोपेची. इथे दुपारी गाव मिटतं, तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली की पापण्या उघडतं आणि खरा बाजार भरतो तो दिवस मावळल्यावर. म्हणून रेगेन्सबुर्गच्या हॉटेलात पोचल्याबरोबर हे म्हणाले, ‘आता जरा आडवं होऊ. संध्याकाळी फ्रेश होऊन बाजार बघू.’ ह्यांच्या लेखी गाव म्हणजे गावाचा बाजार. बुरूज, देवळं, राजवाडे नंतर. आधी सूक, म्हणजे बाजारपेठ. आणि आम्ही तिघंही, हो, सईसुद्धा, दुलया ओढून गाढ झोपलो. बाहेर त्या गावाचा हिवाळ्यातला तोकडा दिवस आमची वाट बघून संपून गेला.

उठलो तेव्हा काळोख. ह्यांनी अंगावर फरवा चढवला. तो अबकैकच्या बाजारातून मोठ्या अभिमानानं घेतला होता आणि ‘युरोपची थंडी ह्याच्यापुढे काय करते बघू’ असं विमानातल्या शेजाऱ्यालाही ऐकवून झालं होतं. आम्ही निघालो. अरुंद गल्ली, ओल्या दगडांची फरसबंदी, दोन्ही बाजूंना उंच घरं, काहींना तर चक्क मनोरे. जुन्या काळी व्यापारी आपली श्रीमंती दिसावी म्हणून असे मनोरे बांधायचे, सईनं सांगितलं. दिवे पिवळे, धुक्यात विरघळलेले. दुकानांच्या काचांमागे लोकरीच्या टोप्या, लाकडी खेळणी, चिनीमातीचे पेले, सगळं उजेडात मांडलेलं आणि दार मात्र कुलूपबंद. एक दार, दुसरं दार, सबंध गल्ली.

ह्यांनी एका हातमोज्यांच्या दुकानापुढच्या पायरीवर बसकण मारली. ‘नमाजेला बंद केलं असेल. दहा मिनिटं थांबू, उघडतील.’

हे त्यांच्या तोंडून इतक्या सहज निघालं की मीसुद्धा शेजारी बसायला लागले होते. खरोखर. इथे पूर्वी प्रत्येक नमाजेला शटरं खाली यायची, आणि आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन फूटपाथवर बसून ती वर जाण्याची वाट बघायचो. ते अंगात मुरलेलं. सईनं आमच्याकडे बघितलं, मग त्या दुकानाकडे, मग ती कमरेत वाकून हसायला लागली. ‘बाबा! इथे कोण नमाजेला बंद करणार!’ हसता हसता एकदम थांबली आणि तिनं कपाळावर हात मारला. ‘ओ गॉड. आज संडे आहे.’

‘मग संडे आहे म्हणूनच उघडं असायला हवं ना?’ हे म्हणाले.

‘बाबा, इथे संडेला सुट्टी असते. पूर्ण जर्मनी बंद. मला माहितेय हे, मी दोन वर्षं इथे राहतेय. पण तुमच्याशी बोलताना माझा संडे वर्किंग डे होतो. सॉरी, यार. मैं भी ना.’

ती सॉरी म्हणत होती आणि माझ्या छातीत काहीतरी आनंदानं उड्या मारत होतं. परदेशात राहून, त्यांची भाषा बोलून, त्यांच्या ट्रेनची वेळापत्रकं तोंडपाठ करून ह्या मुलीच्या आत आमचा शुक्रवार अजून सुट्टीचा होता. एवढं मोठं गाव बंद निघालं ह्याचं मला जराही वाईट वाटलं नाही. मला ते बंद दुकान ओवाळून टाकावंसं वाटलं. आई झालं की माणूस कशानंही सुखावतं.

मग त्या ओस गावातून आम्ही भटकलो. रस्त्यात माणूस नाही, त्यामुळे ह्यांचा फरवा सबंध गल्लीचा राजा. एक आजीबाई कुत्र्याला फिरवायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या, जर्मनमध्ये काहीतरी विचारलं आणि हातमोजा काढून फरव्याच्या आतली लव चाचपली. सईनं दुभाष्याचं काम केलं. ‘विचारतायत, असा कुठे मिळतो.’ ह्यांनी छाती फुगवून ‘अबकैक’ म्हणून सांगितलं. आजीबाईंनी ते नाव दोनदा घोळवून पाहिलं आणि हसून निघून गेल्या. मोठ्या चर्चचे जुळे कळस धुक्यात अर्ध्यावरच संपले होते. आम्ही खाली उभं राहून वर पाहिलं आणि न दिसणाऱ्या भागाचंही कौतुक केलं.

भूक लागली. उघडी दिसली ती एका कोपऱ्यावरची लहानशी खानावळ, काचांवर वाफ धरलेली. दार ढकललं आणि आतून ‘अहलन!’ आलं. मालक इराकी होते, बसऱ्याचे, पांढऱ्या मिशांचे. फरवा बघूनच त्यांनी ओळखलं असणार. आमच्या ह्यांचं अरबी म्हणजे प्लांटवर शिफ्टमध्ये उचललेलं, व्याकरणाशी काडीमोड घेतलेलं. पण त्या दिवशी ते असं सुटलं की थांबेना. मला गंमत वाटली. अबकैकला आम्ही ज्या भाषेला इतकी वर्षं ‘त्यांची भाषा’ म्हणत आलो, तीच त्या दगडी गावात कानावर पडली तर संगमेश्वरच्या बाजारात कुणी हाक मारावी तसा जीव सुखावला. माझं माहेर संगमेश्वरचं. घर कुठे लागून राहतं ते माणसाला आपल्या घरी बसून कळत नाही.

मालकांनी मसुराचं गरम सूप आणि खुबूस, म्हणजे अरबी रोटी, आणून ठेवलं. मग सईकडे वळून त्यांनी अरबीत विचारलं, ती कुठली. सईनं शाळेतल्या अरबीत सांगितलं, मी तिथलीच, अबकैकची. त्यांना ते फार आवडलं. ‘मग घरी कधी जाणार?’ त्यांनी विचारलं.

सईनं चमचा खाली ठेवला. मालकांना काहीतरी हसून सांगितलं, ते गल्ल्याकडे गेले, आणि ती मराठीत आमच्याशी बोलू लागली. महत्त्वाचं बोलायचं असलं की ती मराठीत येते, एरवी आमच्याशी अर्धं हिंदी, अर्धं इंग्रजी.

‘बाबा, मे महिन्यात माझ्या इकाम्याची मुदत संपतेय ना, ती ह्या वेळी वाढवू नका.’

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. सईचा ह्यांच्या नावावर, ह्यांचा कंपनीच्या. इकामा असलेला माणूस बाहेर गेला तर ठरल्या मुदतीत परत येऊन पाय टेकवावा लागतो, नाहीतर खलास. मग तुम्ही इथे जन्मला असा, इथली वाळू खाऊन वाढला असा, तुम्ही परके. सई जर्मनीला गेल्यापासून दर उन्हाळ्यात येऊन पाय टेकवून जात होती.

‘वाढवायची नाही म्हणजे? येणार नाहीस उन्हाळ्यात?’ मी म्हटलं.

‘काम मिळतंय आई मला. उन्हाळ्यात सुट्टी नसेल.’

‘मग चार दिवस ये. पाय टेकव आणि जा.’

‘तेच करतेय ना. मागच्या दोन्ही वेळी तेच केलं. धावत यायचं, शिक्का, धावत जायचं. मला इकाम्यासाठी नाही यायचं आई. तुमच्यासाठी यायचंय.’

‘दोन्हीसाठी ये,’ मी म्हटलं. ‘कुणी अडवलंय?’

ह्यांनी खुबूसचा तुकडा सुपात बुडवला, खाल्ला, तोंड पुसलं. ‘ठीक आहे,’ म्हणाले. इतकंच. मला त्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. भाजीचा भाव करताना हा माणूस अर्धा तास घालवतो, आणि मुलीचं माहेर दोन शब्दांत सोडून मोकळा. नंतर लक्षात आलं की ते उरलेलं सूप तसंच टाकून उठले होते. सूप टाकणारा माणूस नाही तो.

जेवण झाल्यावर हे हॉटेलात गेले आणि आम्ही दोघी डॅन्यूबवरच्या जुन्या दगडी पुलावर गेलो. खाली पाणी काळं, जोरात वाहणारं, कमानींना घासून जाताना आवाज करणारं. भुरभुर बर्फ पडायला लागलं होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहत होते, आणि मला त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. सईनं माझा हात धरून आपल्या कोटाच्या खिशात घातला. लहानपणी शाळेची बस येईपर्यंत मी तिचा हात असाच माझ्या शालीत घ्यायचे. आता माझा हात तिच्या खिशात मावत होता आणि वर जागा उरत होती.

‘मग पाहुणी म्हणून येणार तू घरी?’

‘आई, आपण सगळेच तिथे कोण आहोत गं?’

‘आम्ही कामाला आलेली माणसं. काम संपलं की जाऊ.’

‘आणि मी?’

‘तू तिथे जन्मलीस.’

‘जन्मले म्हणून कुणी राहू देतं का?’

ती भांडत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मला माहेर आहे, शास्त्री नदीच्या काठी, फणसाच्या झाडासकट. ह्यांना सांगलीकडे मळा आहे, भाऊबंद आहेत, बांधावरून भांडायला माणसं आहेत. सईला आम्ही दर दोन वर्षांनी तिकडे न्यायचो, तिथे ती आजारी पडायची आणि ‘घरी कधी जायचं’ विचारायची. घर म्हणजे ही, कंपनीनं दिलेली जागा. गॅलरीतून दिसणारी पाण्याची टाकी, खालचा येमेनी किराणावाला, शुक्रवारी दुपारची सामसूम, दिवस मावळतानाची मगरिबची बांग. हेच तिचं गाव, आणि ते द्यायला आमच्या हातात कधीच नव्हतं. तिथे पुलावर मला हे पहिल्यांदा एवढं लख्ख समजलं. आपण मुलीला वाढवलं, शिकवलं, पण परत यायला जागा दिली नाही. हे दुःख मी कुणावर काढणार?

‘चल, गारठशील,’ एवढंच मी म्हणाले.

सकाळी चर्चच्या घंटांनी जाग आली. सोमवार. स्टेशनला निघालो तर सगळं गाव जागं. शटरं वर जातायत, फुलवाली बादल्या मांडतेय, बेकरीबाहेर रांग, सायकलींच्या घंट्या. आमचं गाव बघायचं आता सुरू होणार आणि आमची ट्रेन लागलेली. हे धावत जाऊन त्या हातमोज्यांच्या दुकानात शिरले आणि सईसाठी एक जोडी घेऊन आले. सईकडे हातमोजे होते. तिनं आपले काढून खिशात ठेवले आणि ते घातले. ट्रेनच्या खिडकीतून गाव मागे गेलं, कळस शेवटपर्यंत दिसत राहिले.

मे महिन्यात ती तारीख आली आणि गेली. मी त्या दिवशी घरभर पडदे धुवायला काढले. हे कामावरून आले, फोनवर सरकारी ॲप उघडलं, बघितलं, बंद केलं. आधी आमच्या नावांखाली तिचं नाव असायचं. रुखसानाभाभींना न सांगताही सगळं कळतं. त्या श्रीवर्धनच्या, त्यांचे तीन मुलगे तीन देशांत. त्या दुपारी रव्याचे लाडू घेऊन आल्या, पडदे पिळायला लागल्या आणि म्हणाल्या, ‘इकामा नाय तर नाय, पन दार तर हाय ना गो तुज्या घराला?’ मला त्यांचं पटलं. त्या संध्याकाळी तरी पटलं.

आता लोक म्हणतात, काय बिघडलं? आजकाल पाहुणीचा व्हिसा सहज मिळतो, घरबसल्या. आहेच तसं. सई आली ना. दम्मामच्या विमानतळावर मी काचेपलीकडे उभी होते. तिच्या केसांत जर्मनीतली कुठली तरी नवीन तऱ्हा, चेहरा ओढलेला, पण मला बघून तिनं असा हात हलवला की मागची माणसं खाली वाकली. मोटारीत सगळा वेळ बोलत होती. चौकातला शोरमावाला अजून तोच आहे का? आहे. शाळेचा रंग बदलला? बदलला. हे आरशातून मागे बघत गाडी हाकत होते आणि एरवीपेक्षा फार सावकाश. मी मनात म्हटलं, उगीच घाबरलीस बाई तू. शिक्का कुठला का असेना, पोर तीच आहे.

घर आलं. ह्यांनी कुलूप काढलं. मी आधी आत शिरून दिवे लावले. सई उंबऱ्याच्या आत आली, चपला काढल्या, नीट जोडून भिंतीशी ठेवल्या. मग हँडल धरून तिथेच उभी राहिली आणि म्हणाली,

‘आई, बॅग कुठे ठेवू?’

ह्याच घरात ही मुलगी दारातून दप्तर भिरकावायची. जाऊन पडेल तिथे पडेल, कधी सोफ्यावर, कधी माझ्या पायांवर. मी रोज ओरडायचे. ‘जरा विचार करून ठेवत जा’ म्हणायचे. आता ती विचारून ठेवत होती.

‘ठेव गं कुठेही,’ मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काही नव्हतं, तरी गेले.

तिनं ती दाराजवळच उभी केली. आज दुपारपर्यंत तिथेच आहे. लागेल तो कपडा वाकून काढते आणि चेन पुन्हा लावते. हे येता-जाता तिला वळसा घालतात. केर काढताना मी तिच्याभोवती झाडू फिरवते. आतल्या खोलीतलं कपाट रिकामं करून, पुसून, नवे कागद घालून मी कधीचं ठेवलंय. बॅगेला चाकं आहेत, ओढत नेली तर मिनिटाचं काम नाही. मी तिला हात लावणार नाही. ती मला सईनं आत न्यायला हवी आहे.